दार्जिलिंगला निघालात? मग या चुका टाळा

ओळखीत कुणी दार्जिलिंगला निघालं की मला फोन येतो. प्रश्न ठरलेला असतो, ‘दीड दिवसात सगळं होईल ना?’ कागदावर गंगटोकला चार रात्री आणि दार्जिलिंगला एक. मी पाच वेळा गेले आहे आणि दर वेळी तीच घाई बघून जीव तुटतो. तीन रात्री काढता येत नसतील तर या खेपेला दार्जिलिंग वगळा आणि पुढच्या सुट्टीत नीट जा, असंच मी सांगते.

पोहोचल्या रात्रीच टायगर हिल

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि आम्हीही ती केली आहे. पहिल्या खेपेला आम्ही अकरा जण होतो, त्यात चौसष्ट वर्षांची आत्या. मे महिना. न्यू जलपायगुडीला गाडी उशिरा पोहोचली, हॉटेलात शिरायला रात्रीचे दहा वाजले. टूरवाल्याच्या कागदावर ‘पहाटे 3.30, टायगर हिल’ असं छापलं होतं, म्हणजे सूर्योदय बघायची टेकडी, म्हणून उठलो. वर जीपगाड्यांची रांग अशी लागली होती की शेवटचा एक किलोमीटर अंधारात चढून जावा लागला. आत्याच्या अंगावर पुण्याच्या थंडीचा स्वेटर आणि पायात साध्या चपला. तिला दम लागला, ती रस्त्याच्या कडेला बसली, आणि मी तिच्याजवळ थांबले. पावणेपाचच्या सुमारास गडद राखाडी धुकं फिकट राखाडी झालं. सूर्योदय झाला तो एवढाच. दिवसभर सगळे झोपून होते, दुसऱ्या दिवशी सकाळी गंगटोकची गाडी. आत्या कांचनजुंगा न बघता परतली. आता तिचे गुडघे तो प्रवास करू देत नाहीत. ही गोष्ट मला अजून लागते.

मुळात हे शहरच सुमारे 2045 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ 400 मीटर उंच. टायगर हिल आणखी वर, 2590 मीटरवर. सपाटीवरून आलेल्या शरीराला एक रात्र तरी द्यायलाच हवी. दुसरं म्हणजे 8586 मीटरचा कांचनजुंगा बघायला टायगर हिललाच जावं लागतं, हा समज काढून टाका. चौरस्ता या गावातल्या मुख्य चौकातून ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालणारा पायरस्ता आहे. त्याच्या मागच्या बाजूला उभं राहिलं की अख्खी रांग समोर येते. दिवस तापला की दऱ्यांतून ढग वर चढतात, म्हणून जायचं ते उजाडतानाच. नोव्हेंबरात एकटी गेले होते, तेव्हा तिथे शाल पांघरून उभी होते. आधी शिखराचं टोक तांबूस झालं, मग सोनेरी, मग पांढरंशुभ्र. आजूबाजूला फिरायला निघालेली गावातली चार म्हातारी माणसं, बाकी कुणी नाही.

माझी सवय अशी : पहिल्या संध्याकाळी फक्त चौरस्त्यापर्यंत चालायचं आणि लवकर झोपायचं. दुसऱ्या रात्री आकाशात चांदण्या स्वच्छ दिसल्या, तरच हॉटेलच्या दाजूंना (नेपाळीत दादा) सांगून पहाटेची जीप ठरवायची. आणि वर गेलात की एक लक्षात ठेवा. सूर्य पूर्वेला उगवतो, कांचनजुंगा उत्तरेला आहे. सगळी गर्दी मोबाइल धरून पूर्वेकडे बघत राहते, आणि शिखर लाल होण्याची ती दोन-चार मिनिटं तिच्या नकळत निघून जातात. दूर एव्हरेस्टही दिसतं, पण बोटभर. शेजारचं मकालू जवळ असल्यामुळे मोठं वाटतं आणि बरेच जण त्यालाच एव्हरेस्ट समजतात.

चहाची हेळसांड

ही माझी दुसरी दुखरी नस. मी मार्चच्या तोडणीचा, म्हणजे फर्स्ट फ्लशचा चहा जपून आणून वहिनीला दिला. तिने आलं, साखर, दूध घालून पाच मिनिटं उकळला आणि ‘पाणचट आहे गं’ म्हणाली. तो पाणचटच लागणार. आपल्या घरचा दाणेदार सीटीसी चहा दुधात उकळण्यासाठीच बनतो. दार्जिलिंगची पानं वळून वाळवलेली असतात. उकळलेलं पाणी पानांवर ओतायचं, तीन-चार मिनिटं झाकायचं, गाळायचं. दूध नाही. कडकपणा हवा असेल तर मे-जूनचा सेकंड फ्लश घ्या.

1841 मध्ये इथले ब्रिटिश अधिकारी डॉ. कॅम्पबेल यांनी इथे आपल्या बागेत चहाचं बियाणं लावलं, तिथून ही परंपरा सुरू झाली. भौगोलिक मानांकन (जीआय) मिळवणारं भारतातलं पहिलं उत्पादन हेच. तरीही लोक खाली सिलिगुडीत गाडी थांबवून ‘दार्जिलिंग’ लिहिलेली स्वस्त पाकिटं भरतात. तराई आणि डुआर्स या पायथ्याच्या सखल भागांतला चहा वेगळा. पाकिटावर टी बोर्डाचं, हातात चहाची पानं धरलेल्या स्त्रीचं चिन्ह बघा. आणि डिसेंबर ते फेब्रुवारी झुडपं विसावलेली असतात, तेव्हा कारखाना चालू बघायला मिळेल अशी आशा धरू नका.

‘तुम्ही नेपाळचे का?’

जीपच्या चालकाला, दुकानातल्या दिदीला हा प्रश्न विचारू नका. हे गोरखा लोक भारतीय आहेत, नेपाळी ही त्यांची मातृभाषा आहे. बतासिया लूपला रेल्वेच्या वळशाच्या मधोमध गोरखा सैनिकांचं स्मारक आहे. तिथे दुर्बिणीसाठी आणि फोटोच्या पोशाखासाठी रांगा लागतात, स्मारकावरची नावं वाचायला कुणी थांबत नाही. दोन मिनिटं थांबा.

‘इंग्रजांनी वसवलेलं गाव’ हेसुद्धा अर्धवट. 1835 मध्ये सिक्कीमच्या राजाने ही टेकडी ईस्ट इंडिया कंपनीला दिली, पण लेपचा लोक त्याआधीपासून या डोंगरात राहत होते. गावाचं नावही ऑब्झर्व्हेटरी हिलवरच्या ‘दोर्जे लिंग’ मठावरून आलं असं मानतात. आज तिथे महाकालाचं मंदिर आहे, हिंदू पुजारी आणि बौद्ध भिक्खू एकाच ठिकाणी पूजा करतात. माकडांपासून पिशवी सांभाळा, पण चुकवू नका.

बाकीच्या, थोडक्यात

गुरुवारी प्राणिसंग्रहालय बंद असतं. लाल पांडा, हिमबिबट्या आणि आवारातच 1954 मध्ये स्थापन झालेली गिर्यारोहण संस्था, तेनझिंग नोर्गे यांची समाधी, हे सगळं हुकतं. आधी वार बघा.

न्यू जलपायगुडीहून टॉय ट्रेननेच वर जायचा हट्ट लहान मुलं बरोबर असताना धरू नका. 88 किलोमीटरला सात तासांहून जास्त लागतात. 1881 पासूनच्या या दोन फुटी रुळांची मजा दार्जिलिंग ते घूम या दोन तासांच्या फेरीत नीट घेता येते. घूम हे 2258 मीटरवरचं, देशातलं सर्वांत उंच रेल्वे स्थानक. तिकीट मात्र आधी काढा.

पावसाळ्यात जाऊ नका. आपल्याला सह्याद्रीतला पाऊस आवडतो, इथे दरडी कोसळतात आणि शिखर दिसत नाही. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर उत्तम.

डिसेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो. ‘संध्याकाळी बघू’ म्हणून काही ठेवू नका.

पाणी इथे कायम कमी असतं, टँकरने येतं. एका बादलीत आंघोळ उरका.

परतीच्या दिवशी बागडोगराचं विमान दुपारी तीननंतरचंच घ्या. खाली उतरायला साडेतीन तास धरा, वाटेत कर्सियांगला गाड्यांची कोंडी असतेच.