साल्मोनेलाची लागण झालेला घोडा कसा सांभाळावा आणि त्याचे ठाण कसे धुवावे

घोड्याला ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप असेल, त्याने चारा सोडला असेल आणि लीद पाण्यासारखी पातळ व घाण वासाची होत असेल, तर तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता त्याच तासाला त्याला वेगळे बांधावे. बादली, खरारा, फावडे, थर्मामीटर सगळे त्याचे स्वतंत्र ठेवावे आणि त्याची देखभाल करणारा माणूसही एकच असावा. तेवढी माणसे नसतील, तर त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. साल्मोनेला या जंतूमुळे होणारा हा आजार माणसालाही होतो, त्यामुळे हातमोजे वापरून झाल्यावरही हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नये.

उपचार पशुवैद्याचे आहेत. तीव्र जुलाबात मोठ्या घोड्याच्या अंगातून दिवसाला कित्येक लिटर पाणी जाते आणि ते बहुधा शिरेतूनच भरून काढावे लागते. आपल्या हातून अँटिबायोटिक देऊ नये, कारण मोठ्या घोड्यात त्याने आतड्यातील उपयुक्त जंतू मरून जुलाब वाढू शकतात. कोरड्या पडलेल्या घोड्याला मनाने दिलेले वेदनाशामक मूत्रपिंडांना भोवते. तुमचे काम निरीक्षणाचे आहे. दर काही तासांनी ताप व नाडी मोजावी (विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ ठोके असतात) आणि पायाच्या घोट्यामागे बोटे टेकवून पाहावे. तेथे नाडी ठणठण उडू लागली किंवा खूर गरम लागले, तर लॅमिनायटिसची (खुराच्या आतील थराला येणाऱ्या सुजेची) चाहूल समजून पशुवैद्याला लगेच बोलवावे आणि ते येईपर्यंत खूर बर्फाच्या पाण्यात ठेवावेत.

घोडा बरा दिसू लागला की लोक ठाण धुवायला घेतात, आणि माझे हात पोळले ते इथेच. पहिल्या खेपेला मी वरवरची लीद ओढून भिंतीपासून गटारापर्यंत ब्लीचचे पाणी ओतले, वास इतका उग्र होता की काम पक्के झाले असे वाटले, आणि त्याच ठाणात बांधलेली दुसरी घोडी काही दिवसांतच जुलाबाने आडवी झाली. लीद, मूत आणि गवताचा भुगा यांत ब्लीचची ताकद संपून जाते आणि जंतूपर्यंत काही पोहोचतच नाही. ‘अजून थोडे घट्ट मिश्रण करा’ हा सल्ला मला आजही ऐकू येतो, आणि तो निव्वळ चुकीचा आहे. शिवाय घोड्याच्या मुतातील अमोनियाशी ब्लीचचा संयोग होऊन घातक वायू सुटतो. मी त्या दिवशी डोळे चोळत बाहेर पळालो होतो.

म्हणून आधी सगळे अंथरूण काढावे, रबरी चटया उचलाव्यात, मग साबणाचे पाणी आणि ताठ ब्रश घेऊन छताकडून खाली घासत यावे. जोरदार फवाऱ्याचे यंत्र वापरू नये, त्याने जंतू तुषारांसोबत शेजारच्या ठाणात उडतात. गव्हाणीच्या काठाची खालची बाजू, दाराच्या बिजागऱ्या आणि नळाची मूठ हमखास राहून जाते. तेथे बोट फिरवून पाहावे, बुळबुळीत लागले तर पुन्हा घासावे. स्वच्छ पाण्याने खळखळून धुऊन ठाण पूर्ण वाळू द्यावे, कारण ओल्या जमिनीवर जंतुनाशक पातळ होते. त्यानंतरच १ भाग ब्लीच व १० भाग पाणी असे ताजे मिश्रण लावून पृष्ठभाग निदान १० मिनिटे ओला ठेवावा, मग धुऊन पुन्हा वाळवावे. मातीची जमीन मात्र असल्या उपायांना दाद देत नाही. तिचा वरचा थर खणून टाकावा आणि नवी माती भरावी. भेगा पडलेल्या लाकडी फळ्या मी सरळ बदलतो.

एका नमुन्यात जंतू नाहीत म्हणून घोड्याला इतरांत सोडू नये. जंतू रोज लिदीतून पडतातच असे नाही, म्हणून निदान १२ तासांच्या अंतराने घेतलेले पाच नमुने तपासून घ्यावेत. ते पाचही स्वच्छ येईपर्यंत दाराशी पाय बुडवायला जंतुनाशकाच्या पाण्याची ताटली ठेवावी आणि तिच्यातले पाणी लिदीने गढूळ झाले की लगेच बदलावे.