एका अंगणात दोन कोंबडे: झुंज कशी आवरावी

माघ-फाल्गुनात खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, आणि त्यांतली साधारण निम्मी नर असतात. दोन-तीन महिने ती गुण्यागोविंदाने वाढतात. आखाडाच्या सुमारास, चार-पाच महिन्यांची झाली की तुरे लालभडक होतात, फाटक्या आवाजात आरवणं सुरू होतं आणि रोज सकाळी अंगणात मारामारी जुंपते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरामागे गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांना हे नवं नाही. बहुतेक जण काठी घेऊन भांडण सोडवत बसतात. माझं मत असं आहे की कोंबड्यांचं भांडण मुळात संख्येवरून आणि जागेवरून होतं, आणि या दोन्ही गोष्टी पाळणाऱ्याच्या हातात असतात. म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

आधी हिशेब करा

गावरान कळपात आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. कोंबड्या अंडी द्यायला नराची वाट पाहत नाहीत. तो लागतो फक्त पिल्लं काढायची असतील तर. एकदा मीलन झालं की पुढचे आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त, अंडी फलित, म्हणजे पिल्लं निघू शकतील अशी, असतात. म्हणजे दहा कोंबड्यांच्या घरात दुसऱ्या कोंबड्याला कामच नसतं. दोन ठेवायचेच असतील तर कोंबड्या अठरा-वीस हव्यात आणि अंगण मोकळं हवं. पाच कोंबड्यांमागे तीन नर असतील तर आधी हाल कोंबड्यांचे होतात. त्यांच्या पाठीची आणि डोक्यामागची पिसं गळतात, कातडी सोलते, त्या खुराड्यातून बाहेर यायला घाबरतात. कोंबड्यांची पाठ उघडी पडलेली दिसली की नर जास्त झाले असं समजा, मग ते आपसात भांडत असोत वा नसोत.

ठेवायचा कोणता?

सगळ्यात मोठा किंवा सगळ्यात भांडकुदळ कोंबडा ठेवायची आपल्याकडे सवय आहे. तो जिंकतो म्हणून आवडतो, पण पिल्लांतही तोच स्वभाव उतरायची शक्यता असते. चांगला कोंबडा ओळखायला आठवडाभर नुसतं बघत बसावं. दाणा सापडला की स्वतः न खाता टुकटुक आवाज काढून कोंबड्यांना बोलावतो का? शिकरा किंवा घार दिसली की ओरडून सगळ्यांना आडोशाला पाठवतो का? माणसाच्या, विशेषतः लहान पोरांच्या अंगावर येतो का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर हो आणि तिसऱ्याचं नाही असेल, तर तो ठेवा. असीलचं रक्त असलेला कोंबडा दिसायला देखणा असतो, पण ती जात झुंजीसाठीच पैदास होत आलेली आहे. लहान अंगणात दुसऱ्या नराबरोबर तिचं सहसा पटत नाही.

उरलेले कोंबडे वेळेत काढणं हाच खरा इलाज. फाल्गुनात निघालेली पिल्लं नेमकी आखाडात विकायला येतात, आणि श्रावण लागायच्या आधी गावरान कोंबड्याला आठवडे बाजारात जी मागणी असते ती पुढे महिनाभर नसते. भांडणं जोरात येण्याची वेळ आणि भाव मिळण्याची वेळ एकच आहे. ‘अजून थोडं वजन भरू दे’ म्हणून थांबलं तर मारामारीत अंगावर जखमा होतात आणि वजन उतरतंच.

नवसाचा कोंबडा असेल तर तो विकता येत नाही आणि लगेच कापताही येत नाही. त्याला वेगळा ठेवा. जास्तीचे सगळे नर एका बाजूला, कोंबड्या अजिबात दिसणार नाहीत अशा जागी ठेवले तर ते बऱ्याचदा शांतपणे एकत्र राहतात, त्यातही एकत्र वाढलेले भाऊ असतील तर अधिक. समोर कोंबडी आली की हा समेट मोडतो.

जागा अशी मांडा

हरलेल्या कोंबड्याला पळायला आणि नजरेआड व्हायला जागा मिळाली, तर बहुतेक भांडणं काही मिनिटांत मिटतात. कोपऱ्यात सापडला तर मात्र जिंकलेला त्याला सोडत नाही. म्हणून अंगणात बंद कोपरे ठेवू नका आणि मध्ये आडोसे उभे करा: उभी केलेली जुनी खाट, कडब्याच्या पेंढ्या, तुराट्यांचे भारे. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, घरोघर पडलेल्या असतात खऱ्या, पण त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. वेचणी संपल्यावर त्या साठवू नयेत असं कृषी खातं सांगतं, त्यामुळे आडोशाला तुराट्याच बऱ्या.

दाणा एकाच जागी ओतू नका. दोन-तीन ठिकाणी लांब लांब फेका. पाण्याची भांडीही निदान दोन, आणि एकावर उभं राहून दुसरं दिसणार नाही अशी.

उन्हाळ्यात आपल्याकडची अडचण वेगळी आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि अख्खं अंगण एका लिंबाच्या सावलीत गोळा होतं. एरवी एकमेकांना टाळणारे दोन कोंबडे तिथे तासन्‌तास समोरासमोर येतात. त्या उन्हात झुंज लागली तर जखमेपेक्षा उष्माघाताचं भय मोठं, कारण कोंबड्याला घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो. सावली तीन-चार ठिकाणी करा. चार बांबूंवर गोणपाट टाकून वर पाणी शिंपडलं तरी पुरे. प्रत्येक सावलीत पाणी ठेवा.

रात्रीच्या खुराड्यात बसायच्या काठ्या एकाच उंचीवर बांधा, नाहीतर वरच्या काठीसाठी रोज संध्याकाळी वाद होतो. सकाळी नीट उजाडलं की दार उघडा. उजेड झाल्यावरही कोंडून राहिलेले कोंबडे आतच भिडतात.

भांडण कधी सोडवायचं, कधी नाही

मानेची पिसं फुलवून समोरासमोर उभं राहणं, एक पंख जमिनीला घासत गोल फिरणं, एक-दोन उड्या आणि मग एकाने मान खाली घालून बाजूला होणं ही मान-पान ठरवण्याची रीत आहे. त्यात पडू नका. दरवेळी मध्ये पडून तोडलं तर निकाल लागत नाही आणि तेच भांडण उद्या पुन्हा होतं. वरचढ कोण, हे पहाटे कान देऊनही कळतं. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की एकत्र असलेल्या कोंबड्यांत वरचा आधी आरवतो आणि बाकीचे त्यांच्या क्रमाने; वरचा काढून घेतला तर दुसऱ्या क्रमांकाचा आधी आरवू लागतो.

रक्त आलं, एकजण पडला किंवा हरलेला पळत असताना दुसरा पिच्छा सोडत नसेल, तर लगेच मध्ये पडा. हाताने धरू नका, पायामागच्या काट्याने खोल जखम होते. जिंकणाऱ्यावर गोणपाट टाका किंवा टोपली उपडी घाला, आणि त्याला बाजूला न्या. थोड्या वेळासाठी वेगळं केलं तर ओळख टिकते. काही आठवड्यांनी परत सोडला तर तो कळपाला परकाच वाटतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

काटे फार लांब आणि टोकदार झाले असतील तर कानशीने फक्त टोक बोथट करा. आत रक्तवाहिनी असते, मुळाशी कापू नये.

नवा कोंबडा आणताना

एकच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला तर त्याच्याच लेकींशी जोड लागतो आणि पिल्लं कमजोर निघू लागतात. दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या पाहुण्याबरोबर कोंबड्यांची अदलाबदल करणं उत्तम. फक्त आणला की लगेच अंगणात सोडू नका. दोन ते तीन आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा, त्याची भांडी वेगळी, आणि त्याला दाणापाणी आपल्या कळपाचं झाल्यावर शेवटी. मानमोडी म्हणजे राणीखेत अशाच बाजारच्या पक्ष्याबरोबर घरी येते. २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा रोग दाराशी आल्यावर काय होतं हे आपल्या भागाने पाहिलं आहे. वेगळा ठेवलेला पक्षी अचानक मेला तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

नंतर आठ-दहा दिवस मध्ये जाळी ठेवून एकमेकांना दिसू द्या. जाळीतून धडका मारणं कमी झालं की रात्री अंधारात त्याला इतरांच्या शेजारी काठीवर बसवा. सकाळी तुम्ही स्वतः हजर राहा आणि दार उघडायच्या आधीच दाणा चार ठिकाणी पसरून ठेवा.

जखम झाली तर

जखमी कोंबडा आधी वेगळा करा. लाल रक्त दिसलं की कळपातल्या कोंबड्यासुद्धा तिथेच टोचत राहतात. जखम उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा. तुऱ्यातून रक्त फार येतं, पण स्वच्छ कापडाने काही मिनिटं दाबून धरलं की ते थांबतं. पावसाळ्यात जखम रोज बघा, माशी बसून अळ्या पडायला एक-दोन दिवस पुरतात. डोळ्याला इजा झाली, पाय टेकता येत नसेल किंवा जखम खोल असेल तर डॉक्टरला दाखवा.

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती कोरड्या, काळपट, चामखिळीसारख्या खपल्या दिसल्या आणि त्या भांडण न केलेल्या कोंबड्यांवरही असतील, तर ती मारामारीची खूण नसून देवी रोग असू शकतो. तो डासांमुळे आणि अंगावरच्या जखमांतून पसरतो. अशा वेळी आजारी पक्षी वेगळे करून बाकीच्यांच्या लसीबद्दल दवाखान्यात विचारा.