डॉटफाइल्स एकाच ठिकाणी: ग्नू स्टो नीट कसं लावायचं

बॅश, गिट, व्हिम, टीमक्स, एसएसएच, सगळ्यांच्या सेटिंग फाइल्स (यांची नावं डॉटने सुरू होतात म्हणून यांना डॉटफाइल्स म्हणतात) एका गिट रेपोत, म्हणजे गिटने बदलांची नोंद ठेवलेल्या फोल्डरमध्ये, ठेवायच्या आणि ग्नू स्टो या छोट्या टूलने होम फोल्डरमध्ये त्यांच्या सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या लिंक) टाकायच्या, एवढंच काम आहे. यासाठी लांबलचक शेल स्क्रिप्ट लिहा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

होममध्ये डॉटफाइल्स नावाचं फोल्डर करा, गिट इनिट करा. आत प्रत्येक टूलचं एक फोल्डर, आणि त्यात फाइल होममध्ये जिथे असते तसाच रस्ता. म्हणजे एसएसएच फोल्डरमध्ये परत डॉट-एसएसएच आणि त्यात कॉन्फिग. मग डॉटफाइल्समध्ये जाऊन 'स्टो बॅश', 'स्टो गिट' मारा, झालं.

खरी मेख पुढे आहे. नवीन मशीनवर होममध्ये डॉट-एसएसएच फोल्डरच नसेल तर स्टो फक्त कॉन्फिगची लिंक करत नाही, अख्ख्या फोल्डरचीच करून टाकतो. याला ट्री फोल्डिंग म्हणतात आणि ते डिफॉल्ट चालू असतं. एसएसएच व्यवस्थित चालतं म्हणून कोणाला शंका येत नाही, पण मग तुम्ही की बनवणारी एसएसएच-कीजेन कमांड चालवता आणि प्रायव्हेट की (सर्व्हरवर लॉगिन करायची तुमची गुप्त किल्ली) थेट रेपोत जाऊन पडते, वर सवयीने 'गिट ॲड डॉट' (सगळ्या फाइल्स घ्या) करून कमिट केलं आणि पुश केलं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलं, की संपलंच. जुन्या मशीनवर फोल्डर आधीपासून असतं त्यामुळे तिथे असं काही होत नाही, आणि म्हणूनच मला बरेच दिवस कळेना की एकच रेपो दोन मशीनवर वेगळा का वागतोय.

तर पहिल्याच दिवशी डॉटफाइल्समध्ये डॉट-स्टोआरसी ही स्टोची सेटिंग फाइल करा, त्यात एकच ओळ: दोन डॅश आणि नो-फोल्डिंग. आधीच फोल्ड झालं असेल तर स्टोच्या कॅपिटल डीवाल्या ऑप्शनने लिंक काढा, होममध्ये खरं डॉट-एसएसएच बनवा, परमिशन ७०० (फक्त तुम्हालाच प्रवेश), कीज तिकडे हलवा आणि मग परत स्टो. की पुश झाली असेल तर नुसती डिलीट करून भागत नाही, ती गिटच्या हिस्टरीत राहतेच. नवीन की बनवा, जुनी सर्व्हरवरून काढून टाका.

उबंटूवर होममध्ये बॅशआरसी (बॅशची सेटिंग फाइल) आधीच असते, त्यामुळे स्टो कॉन्फ्लिक्ट दाखवून थांबतो. इथे हमखास 'अडॉप्ट' ऑप्शन वापरायचा सल्ला मिळतो. कृपा करून वापरू नका, तो मशीनवरची फाइल उचलून रेपोतल्या तुमच्या फाइलवर टाकतो! जुन्या फाइलचं नाव बदला, परत चालवा.

ऑफिसचा ईमेल वगैरे रेपोबाहेरच्या लोकल फाइलमध्ये ठेवा आणि गिट कॉन्फिगच्या शेवटी ती इन्क्लूड करा. एखाद्या मशीनवर ती फाइल नसली तरी गिट कुरकुर करत नाही.