सड्यावर प्लॉट पाडायचे तर आधी जुलैत जागा बघा

दापोली-गुहागर पट्ट्यात गेली 22 वर्षं मी ले-आउट आखतेय. जागामालक बहुतेक मे महिन्यात बोलावतात. तेव्हा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, कोरडाठाक, सगळी जमीन सारखीच दिसते. नकाशाची घाई करू नका. जुलैत चार दिवस लागून पडला की छत्री घेऊन जागेवर जा. कातळात पाणी पटकन मुरत नाही, पसरून वाहतं आणि कुठून तरी पऱ्यात, म्हणजे पावसाळी ओढ्यात, उतरतं. त्या वाटेवर खुंट्या ठोका. नकाशावर पहिली रेघ तिची.

सुरुवातीला एका ठिकाणी मी कोरडा पऱ्या पाइपात घालून वर दोन प्लॉट बसवले होते. पहिल्याच पावसाळ्यात पालापाचोळ्याने पाइप तुंबला आणि एका घरात चुलीपर्यंत पाणी आलं. त्या घरातल्या आजी रात्रभर पाटावर बसून होत्या. तेव्हापासून पऱ्या उघडाच ठेवते, दोन्ही अंगांना माणूस चालेल एवढी जागा सोडून. 40 आर किंवा त्याहून मोठ्या जागेत 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती पऱ्याच्या कडेला, जुन्या रायवळ आंब्याखाली द्या. विकला न गेलेला तिकोनी कोपरा मुलांच्या माथी मारू नका.

गाडीरस्ता उताराला आडवा फिरवा. सरळ खाली उतरवलात तर पावसात त्याचाच ओहोळ होतो. वरच्या आळीतून खालच्या आळीत चालत जायला चिऱ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, पुरते, म्हाताऱ्यांना वळसा पडत नाही.

उतारावर पायऱ्यांसारखे प्लॉट पाडलेत की त्यांच्या कडेला गडगा, म्हणजे सिमेंटशिवाय रचलेली दगडी भिंत, घाला. कोरड्या रचाईतून पाणी झिरपून जातं. सिमेंटची भिंतच हवी असेल तर तिच्यात पाण्याला भोकं ठेवा, नाहीतर मागे पाणी साठून ती फुगते.

पाऊस जास्त करून पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून प्लॉटची लांबी पूर्व-पश्चिम ठेवते. पश्चिमेला अरुंद बाजू आली की भिजणारी भिंत लहान होते. दोन घरांतलं अंतर पागोळ्या धरून मोजा, भिंतीपासून नव्हे. शेजाऱ्याच्या अंगणात पडणाऱ्या पागोळीवरून भाऊबंदांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.

विहीर चढाला, शोषखड्डे उताराला, मध्ये निदान 18-20 मीटर. जांभ्याच्या, म्हणजे इथल्या तांबड्या कातळाच्या, भेगांतून मैला कुठवर जाईल सांगता येत नाही, त्यामुळे यात मी मालकाचं अजिबात ऐकत नाही. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशा आधी काढून घ्या.

आणि गावकारांना विचारा, शिमग्यात पालखी कुठून जाते. ती पाणंद कुंपणात घेऊ नका. गेल्या वर्षीच्या ले-आउटमध्ये आम्ही मधल्या रस्त्याचं वळण रुंद केलं, शेजारी पालखी टेकायला चिऱ्याची छोटी सहाण बांधली. प्लॉट अर्धा गुंठा कमी झाला. यंदा पालखी तिथे टेकली आणि नव्या बिऱ्हाडांतल्या बायका ओट्या घेऊन आल्या.