एका घरात तीन विठोबा

गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या घराण्यात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात. म्हणून विठोबाचा रामा, रामाचा विठोबा, त्याचा पुन्हा रामा. बापाचं नाव जोडलं तरी आजा आणि नातू दोघेही 'विठोबा रामा'. चुलतभावांचं सोपं: दोन रामांचे बाप वेगळे, काम झालं. खरी डोकेदुखी आजा-नातवाचीच.

जुन्या कागदांत त्यांना वेगळं करायला मी बायकोचं नाव धरते. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870 पासून इथे लागू झाला. त्यात नवरा-बायकोचा मालमत्तेत अर्धा-अर्धा वाटा, त्यामुळे इन्व्हेंटरीत, म्हणजे माणूस वारल्यावर त्याच्या मालमत्तेच्या वाटणीसाठी केलेल्या कागदांत, मयताच्या वारसांबरोबर त्यांच्या जोडीदारांचीही नावं सापडतात. पणजीच्या पुराभिलेख खात्यात जायचं तर आधी हेच कागद विचारा, जन्मनोंद नंतर. मात्र बायको वेगळी म्हणून माणूस वेगळा, असं लगेच ठरवू नका. पहिली वारल्यावर दुसरी केलेली असते. शिवाय आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलायचे, म्हणजे माहेरच्या कागदात ती तिसरीच कुणी दिसते. तिच्या बापाचं नाव मिळवा, ते बदलत नाही.

दुसरी खूण वयाची. समजा 1884 च्या खतात विठोबाचं वय साठ आहे आणि 1889 च्या खतात बावीस. आता शंका कसली? मराठी कागदात शक असेल तर 78 मिळवा, नाहीतर आजा नातवाहून धाकटा निघेल. बापाच्या नावापुढे 'फालेसिदु', म्हणजे मयत, लिहिलंय का तेही बघा. त्या एका शब्दावर माझी दोन माणसं वेगळी झाली. खताच्या शेवटी सही असते; एकाची मोडीत, दुसऱ्याला लिहिता येत नसल्याने त्याच्यासाठी दुसऱ्याने केलेली. असं दिसलं की गाठ सुटलीच म्हणा.

आडनावावर मात्र विसंबू नका. शेणवी कागदात 'सिनाय' होतो, प्रभू 'पोरोबो'. त्यापुढे गावाचं नाव एका खतात असतं, दुसऱ्यात नसतं.

वंशवेल लगेच काढायला बसू नका. प्रत्येक कागदाला वेगळी चिठ्ठी करा: साल, नाव जसं लिहिलंय तसं, बाप, बायको, वय, जमिनीचं नाव. चिठ्ठ्या जुळल्या की पेन्सिलीने जोडा. देवस्थानाच्या महाजनांच्या, म्हणजे देवळावर हक्क असलेल्या घराण्यांतल्या पुरुषांच्या, यादीतून मिळालेल्या नावालाही हाच नियम. तिथे बायका येत नाहीत, म्हणून ती चिठ्ठी मी सगळ्यात शेवटी जोडते.