पात्र असूनही शिष्यवृत्ती का अडकते? कोकणातल्या मुलांनो, या चुका टाळा

मार्क चांगले, उत्पन्न मर्यादेत, महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्जही वेळेत भरलेला, आणि तरी वर्ष सरलं तरी खात्यात दमडी नाही. मग घरात कोणीतरी म्हणतंच, "वशिला लागतो रे त्याला." नाही लागत. घोडं बहुतेक वेळा आधार, बँक खातं आणि दाखल्यांवर अडलेलं असतं. ही तिन्ही कामं अर्ज सुरू होण्याआधीच करून ठेवता येतात.

ओटीपी बाबांच्या मोबाईलवर

आपल्याकडे मुलांचं आधार काढताना नंबर दिला जातो बाबांचा. बाबा मुंबईत ड्युटीवर, नाहीतर बोटीवर, रेंजच्या पार बाहेर. इकडे पोरगी सेतूत रांगेत उभी राहून नंबर लावते, ओटीपी तिकडे जातो आणि काही मिनिटांत बाद होतो. दिवस फुकट, एसटीचं भाडं फुकट. बारावीची परीक्षा संपली की आधार केंद्रावर जाऊन मुलाचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. पंधराव्या वर्षानंतरचं बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं अपडेट राहिलं असेल तर तेही त्याच खेपेत उरका. आणि आधारवरचं नाव दहावीच्या मार्कशीटशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मधलं नाव एकीकडे दत्ताराम आणि दुसरीकडे दत्ता असेल तर पुढे कुठल्या तरी टेबलावर ते अडणारच.

खातं अर्जात लिहिलं म्हणजे पैसे तिथेच येतील?

सर्वांत जास्त पैसे अडकतात ते या समजापायी. डीबीटीची, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारी रक्कम जाते ती आधार क्रमांकावरून, एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे नोंद असलेल्या खात्यात. अशी नोंद एका वेळी एकाच खात्याची असते. शाळेत असताना गावच्या शाखेत एक खातं काढलेलं असतं, कॉलेजसाठी रत्नागिरीला किंवा कुडाळला आल्यावर दुसरं, आणि मध्येच कुणाच्या सांगण्यावरून मोबाईलवर तिसरं. शेवटी ज्या खात्याला आधार सीडिंग झालं, म्हणजे ही नोंद झाली, पैसे त्याच खात्याच्या वाटेने जातात, भले ते खातं तुम्ही विसरून गेला असाल.

बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं, असंही नाही. त्यासाठी वेगळा संमती अर्ज भरावा लागतो. शाखेत जाऊन "आधार लिंक करा" एवढंच म्हणू नका, "डीबीटीसाठी एनपीसीआयला सीडिंग करा" असं स्पष्ट सांगा. मग माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस उघडा. तिथे बँकेचं नाव दिसतं आणि स्थिती अॅक्टिव्ह आहे की नाही तेही कळतं. पाहिजे ती बँक दिसेपर्यंत निश्चिंत होऊ नका. गावातल्या पतसंस्थेतलं खातं या कामाला धरू नका. वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं बंद पडलेलं असतं, ते आधी चालू करून घ्या.

उत्पन्नाचा दाखला

दाखला तहसीलदारांचाच लागतो आणि त्यात आई-वडील दोघांचं उत्पन्न धरतात. बाबांचा मुंबईचा पगार बाजूला ठेवून फक्त गावची भातशेती आणि चार कलमं दाखवायचा मोह होतो. ते करू नका. खोट्या दाखल्यावर घेतलेली मदत परत भरावी लागू शकते, आणि तशी गरजही सहसा पडत नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची मर्यादा ८ लाखांची आहे. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला ती २.५ लाख आहे, पण त्यावर उत्पन्न गेलं तरी फ्रीशिपचा (शुल्कमाफीचा) मार्ग उरतो. दाखला ३१ मार्चला संपतो का, हे मात्र त्यावर वाचून घ्या.

कुणबी, भंडारी अशा इतर मागासवर्गीय मुलांना नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागतं, आणि व्यावसायिक शाखांना जात पडताळणीही. पडताळणीचा अर्ज बारावीचं कॉलेज सुटायच्या आत करा. पणजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यातच पावसाळा निघून जातो.

मुलींच्या पालकांना कळकळीने सांगायचं आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठंही यात येत नाहीत. "एवढी फी कुठून आणायची" म्हणून मुलीचं इंजिनिअरिंग सोडवण्याआधी एवढं तपासा.

कर्ज म्हटलं की सातबारा

शिष्यवृत्तीने भागत नाही तेव्हा कर्जाचा विषय निघतो, आणि आपल्याकडे तिथेच चर्चा थांबते. सातबाऱ्यावर चुलते, आत्या, आजोबांचे भाऊ मिळून वीस नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत. जमीन तारण ठेवणार कशी? पण सरकारच बँकेला हमी देतं अशा क्रेडिट गॅरंटी योजनेत ७.५ लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज करा, म्हणजे अर्जाची नोंद राहते. शाखेने नकार दिला तर तो लेखी मागा. कर्जासाठी हिस्से विकायची घाई तर मुळीच नको.

सबमिट केल्यावर

अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, मग प्राचार्यांकडे, मग विभागाच्या डेस्ककडे. कुठेही त्रुटी निघाली की सेंड बॅक होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी मुलाकडे परत येतो, आणि मुलाने लॉगिन केलंच नाही तर दुरुस्तीची मुदत टळते. एसएमएसच्या भरवशावर राहू नका, आठवड्यातून एकदा स्टेटस पाहा. दुसऱ्या वर्षी नवा अर्ज भरू नका, जुन्याच आयडीवरून रिन्यूअल करा. पासवर्ड सेतूवाल्याच्या वहीत न ठेवता स्वतःकडे लिहून ठेवा. पंधरा दिवस अर्ज क्लार्कच्याच टप्प्यावर दिसला तर अर्ज क्रमांक आणि कागदांची झेरॉक्स घेऊन थेट कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा, आणि कुठला कागद कमी आहे ते समोरच विचारून घ्या.