मुरुगनच्या सहा क्षेत्रांची यात्रा : आखणी आणि दर्शन

आपल्याकडे कार्तिकस्वामी म्हणून ओळखला जाणारा शिवपुत्र तमिळ प्रदेशात मुरुगन या नावाने घरोघरी पूजला जातो. तिरुत्तणी, स्वामीमलै, तिरुचेंदूर, तिरुप्परंकुंड्रम, पळमुदिरचोलै आणि पळनी या त्याच्या सहा प्रमुख क्षेत्रांना मिळून ‘आरुपडै वीडु’ असे म्हणतात. ही सर्व क्षेत्रे तमिळनाडूतच आहेत. परंतु राज्याच्या उत्तर टोकाजवळ तिरुत्तणी आणि पार दक्षिणेला समुद्रकाठी तिरुचेंदूर असा त्यांचा पसारा आहे. दोन-तीन दिवसांत सहाही ठिकाणे उरकणाऱ्या सहली मिळतात, मात्र त्यांत बहुतेक वेळ रस्त्यात आणि रांगेत जातो. सात-आठ दिवस काढता येत असतील तरच सहाही क्षेत्रे एका यात्रेत करावीत. अन्यथा मदुराईजवळची दोन आणि पळनी एवढी तीनच निवडून निवांत दर्शन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नक्कीरर या कवीच्या ‘तिरुमुरुगाट्रुप्पडै’ या प्राचीन तमिळ काव्यात या क्षेत्रांचे वर्णन तिरुप्परंकुंड्रमपासून सुरू होऊन पळमुदिरचोलैला संपते, आणि विशेष म्हणजे ज्याला देवाची कृपा लाभली आहे त्याने दुसऱ्याला त्याच्याकडे जाण्याची वाट दाखवावी, असाच त्या काव्याचा घाट आहे. आजचे यात्रेकरू मात्र सोयीनुसार कोठूनही आरंभ करतात, तेव्हा क्रमाची चिंता करू नये.

मराठी कुटुंबांच्या मनात हमखास येणाऱ्या एका शंकेचे निरसन आधीच केलेले बरे. महाराष्ट्रात कार्तिकस्वामी ब्रह्मचारी मानला जातो आणि स्त्रियांनी त्याचे दर्शन घेऊ नये असा संकेत अनेक ठिकाणी पाळला जातो. तमिळ परंपरेत तो देवयानै आणि वळ्ळी या दोन पत्नींसह नांदतो, त्यामुळे या सहाही मंदिरांत स्त्रिया निःसंकोच दर्शन घेतात. देवयानै ही इंद्राची कन्या, तर वळ्ळी रानातल्या पारध्यांमध्ये वाढलेली; म्हाळसा आणि बानू यांच्यासह नांदणारा खंडोबा ज्यांच्या घरचा कुलदैवत आहे, त्यांना हे कुटुंब परके वाटणार नाही.

काळ निवडताना आपला पावसाळा संपतो तेव्हा तिकडचा मुख्य पाऊस सुरू होतो, हे ध्यानात ठेवावे. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत तेथे जोरदार पाऊस पडू शकतो, आणि एप्रिल-मेमधील उन्हात दगडी फरशीवर अनवाणी चालणे कठीण जाते. म्हणून जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा काळ उत्तम ठरतो. त्यातही पौष पौर्णिमेच्या सुमारास येणारा तैपूसम हा पळनीचा मोठा उत्सव असून, त्याआधी कित्येक दिवस खांद्यावर कावडी घेतलेले पदयात्री त्या दिशेने चालत असतात. हा सोहळा पाहण्यासारखा असतो, पण वृद्ध किंवा लहान मुले सोबत असल्यास ती तिथी टाळावी. दिवाळीच्या अमावास्येनंतरच्या सहा दिवसांचा स्कंदषष्ठी उत्सव आणि सहाव्या दिवशी तिरुचेंदूरच्या किनाऱ्यावर होणारा शूरसंहार, म्हणजे मुरुगनने केलेल्या शूरपद्म असुराच्या वधाचा सोहळा, यांनाही हेच लागू आहे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी तिरुत्तणीपासून सुरुवात करावी. मुंबई-चेन्नई मार्गावरील बहुतेक गाड्या अरक्कोणमला थांबतात आणि तेथून हे क्षेत्र जेमतेम 13 किलोमीटरवर आहे. तिरुपतीला जाणाऱ्यांनाही ते रस्त्याने सोयीचे पडते. टेकडीला वर्षाच्या दिवसांइतक्या 365 पायऱ्या आहेत आणि वरपर्यंत वाहनाचा रस्ताही आहे. शूरपद्माशी झालेल्या युद्धानंतर मुरुगनचा क्रोध येथे शमला आणि वळ्ळीशी त्याचा विवाह झाला, अशी श्रद्धा आहे.

चेन्नईहून रेल्वेने कुंभकोणम गाठावे. स्वामीमलै तेथून अगदी जवळ आहे. बालमुरुगनने प्रत्यक्ष शंकराला प्रणवाचा अर्थ सांगितला, तो येथे. साठ संवत्सरांच्या साठ पायऱ्या चढून मंदिरात जावे लागते. एक दिवस हाताशी असेल तर सुमारे 40 किलोमीटरवरील तंजावरही पाहून घ्यावे; मराठी माणसाने भोसले राजांचे सरस्वती महाल ग्रंथालय न पाहता या भागातून परतू नये.

चेन्नईहून निघणारी चेंदूर एक्स्प्रेस कुंभकोणममार्गे रात्रीच्या प्रवासात तिरुचेंदूरला पोहोचवते, त्यामुळे मुक्कामाचा खर्चही वाचतो. सहांपैकी हे एकच क्षेत्र समुद्राकाठी असून बाकीची पाच टेकड्यांशी निगडित आहेत. येथे प्रथम समुद्रस्नान करावे आणि मग जवळच्या नाळी किणरु या लहानशा विहिरीच्या पाण्याने अंग धुवावे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तिचे पाणी गोडे आहे. मंदिरात पुरुषांनी सदरा काढून जाण्याची प्रथा आहे, तेव्हा उपरणे जवळ ठेवावे. प्रसादाची विभूती पन्नीर वृक्षाच्या पानात मिळते. ते पान पुजाऱ्याने वरून हातावर सोडलेले असते. ओंजळ पुढे करूनच ते घ्यावे आणि घरी आणण्यासाठी कोरड्या कागदात गुंडाळावे. मंदिराच्या उत्तरेला समुद्रालगत वळ्ळीची गुहा आहे, तीही पाहावी.

मदुराईला दोन दिवस मुक्काम ठेवावा. शहराला लागूनच असलेले तिरुप्परंकुंड्रम हे पांड्यकालीन लेणीमंदिर आहे, आणि देवयानैशी मुरुगनचा विवाह येथे झाला असे मानतात. मूर्ती डोंगराच्या खडकातच कोरलेली असल्याने अभिषेक तिला न होता तिच्या वेलाला, म्हणजे भाल्याला होतो. अभिषेक पाहायला थांबणाऱ्यांनी हे आधीच जाणून असावे. पळमुदिरचोलै मदुराईच्या उत्तरेला अळगर कोविलच्या डोंगरावर, झाडीत आहे. वाटेत माकडे फार, म्हणून फळे-फुले झाकून न्यावीत. जांभळाच्या झाडावर बसलेल्या गुराखी मुलाने कवयित्री अव्वैयारला ‘ऊन फळ हवे की गार?’ असे विचारले; तिने फळ मागितले, त्याने फांदी हलवली, आणि खाली पडलेल्या जांभळाची माती ती फुंकरीने उडवू लागताच तो म्हणाला, ‘आजी, फळ फार पोळते का?’ तो मुलगा मुरुगनच होता. ही कथा मुलांना तेथेच, झाडाखाली बसून सांगावी.

शेवट पळनीला करावा. येथे हाती दंड घेतलेला, सर्वस्व सोडून निघालेला बालसंन्यासी उभा आहे, आणि त्याची मूर्ती भोगर नावाच्या सिद्धाने नऊ द्रव्यांच्या मिश्रणातून घडवली अशी परंपरा आहे. डोंगर चढण्यापूर्वी पायथ्याच्या तिरुआविनन्कुडी मंदिरात दर्शन घ्यावे, कारण प्राचीन काव्यातील उल्लेख त्याच स्थानाचा आहे, आणि घाईत ते हमखास राहून जाते. वर जायला सुमारे सातशे पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी शेजारची हत्तीवाट धरावी, ती अधिक सौम्य चढाची आहे. रोपवे आणि दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वेही आहे, मात्र रोपवे वाऱ्यापावसात आणि वार्षिक देखभालीच्या काळात बंद असतो. देवाचे संन्यासी रूप आणि राजवेष दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी दिसतात. दोन्ही पाहण्यासाठी सकाळी व संध्याकाळी असे दोनदा वर जावे.

सर्वच ठिकाणी काही गोष्टी सारख्या आहेत. 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने राज्यातील मंदिरांत मोबाइलवर बंदी घालण्याचा आदेश दिला, त्यामुळे तो ठेवायची व्यवस्था प्रथम शोधावी. अनेक मंदिरे दुपारी काही तास बंद असतात. अर्चनेच्या वेळी नाव, गोत्र आणि जन्मनक्षत्र विचारतात. घरातल्या सर्वांची नक्षत्रे कागदावर लिहून न्यावीत. पळनीच्या ‘पंचामिर्दम’ला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपल्या पंचामृतासारखे ते दूध-दह्याचे नसून केळी, गूळ, तूप, मध आणि खजूर यांचे घट्ट मिश्रण असते व प्रवासात टिकते. मात्र ते देवस्थानाच्या अधिकृत विक्रीकेंद्रातूनच घ्यावे. परतीसाठी पळनीहून कोइम्बतूर गाठावे, तेथून पुण्या-मुंबईकडे थेट रेल्वेगाडी मिळते.